चौऱ्याण्णव टक्के कशाचे?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, गुणांची खिरापत चालली आहे. आमच्या वेळी प्रथम श्रेणी मिळाली तरी गल्लीत पेढे वाटले जायचे. दुसऱ्याचे म्हणणे, आजची मुले खरोखर जास्त कष्ट करतात, त्यांच्या यशाला नाक मुरडू नका. आठवडाभर हे चालते आणि मग अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली की विरून जाते. दोन्ही तटांच्या हातात कागद मात्र एकच असतो: बोर्डाने पत्रकार परिषदेत दिलेला टक्केवारीचा तक्ता. माझे म्हणणे असे की तो तक्ता या भांडणाचे उत्तर देऊच शकत नाही. मुलांना किती येते हे त्यात नाही आणि ती मागच्या पिढीपेक्षा सरस की निरस हेही नाही. त्यात आहे ते एवढेच, की अमुक नियमांनी घेतलेल्या परीक्षेला इतके जण बसले आणि त्यांतले इतके जण ठरवून दिलेल्या रेषेच्या वर राहिले. कोण बसले, नियम काय होते, रेषा कुठे होती, हे विचारल्याशिवाय टक्क्यावरून गुणवत्तेचा निवाडा करणारे दोन्ही तट चूक करतात. आणि त्याच तक्त्यात जे खरोखर लिहिलेले असते, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मे २०२५ मध्ये लागलेल्या निकालाचा तक्ता समोर ठेवून बोलू. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, असे सगळीकडे छापून आले. हा आकडा नियमित विद्यार्थ्यांचा. परीक्षेला बसलेले १५,४६,५७९ आणि उत्तीर्ण १४,५५,४३३. त्याच तक्त्यात खाली खासगी विद्यार्थ्यांची ओळ आहे: २८,०२० पैकी २२,५१८ उत्तीर्ण, म्हणजे ८०.३६ टक्के. त्याखाली पुनर्परीक्षार्थी: २३,९५४ पैकी ९,४४८, म्हणजे ३९.४४ टक्के. तिन्ही मिळून निकाल होतो ९३.०४. परीक्षा तीच, प्रश्नपत्रिका त्याच, तपासणारे तेच. तरीही निकाल ९४ आहे, ८० आहे आणि ३९ही आहे. कोणता खरा? तिन्ही खरे. फरक पडतो तो भागाकारात खाली कोणाला धरले याने.

हा केवळ गणिती मुद्दा असता तर मी त्यावर वेळ घालवला नसता. पण शाळेची इभ्रत जेव्हा नियमित विद्यार्थ्यांच्या टक्क्यावर ठरते, तेव्हा छेदस्थानी कोण राहील हे ठरवण्याचा मोह शाळेला होतो. नववीत कच्चा वाटणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असे सुचवण्याची रीत शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही नवी नाही. सतरा नंबरचा अर्ज आहे तो काम करून शिकणाऱ्यांसाठी, शाळा अर्ध्यात सुटलेल्यांसाठी. ती सोय मोलाची आहे. पण तिचा उपयोग शाळेचा टक्का राखण्यासाठी होतो तेव्हा मूल शाळेच्या आकड्यातून जाते आणि शाळेच्या दारावर १०० टक्के निकालाचा फ्लेक्स लागतो. शाळा त्यामुळे सुधारली का? तिने फक्त भाजक बदलला.

इतिहासात याचा मोठा दाखला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने नवी शिक्षणसंहिता आली आणि शाळांचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणितातला निकाल यांवर ठरू लागले. निकालाप्रमाणे पैसा, असे ते सरळ सूत्र होते. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैशाचे काय होते हे करदात्याला कळावे, हीच अपेक्षा होती. झाले असे की शिक्षक तेवढेच घोटून घेऊ लागले जेवढे निरीक्षक विचारणार, आणि ज्या विषयांना पैसा नव्हता ते मागे पडले. स्वतः शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीविरुद्ध सातत्याने लिहिले. ती पूर्ण मोडीत निघायला शतक संपत आले. मोजमापाला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की मोजमाप बिघडते, हे तेव्हाच दिसले होते. आपण आज अनुदानाऐवजी प्रतिष्ठा जोडली आहे, पटसंख्या जोडली आहे आणि पटसंख्येवर शिक्षकांच्या जागाही अवलंबून आहेत.

आता खिरापतीचा आरोप. तो करणाऱ्यांकडे एक भक्कम पुरावा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. शंभर टक्के मिळवणारे १२५ वरून २० वर आले. पालकांत खळबळ उडाली, इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावीला मागे पडतील म्हणून ओरड झाली, वीस गुण परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३०. म्हणजे शाळेच्या हातातले गुण निकाल किती उचलतात हे जवळजवळ प्रयोगशाळेत दिसावे तसे दिसले. तोंडी परीक्षेत बहुतेकांना अठरा-एकोणीस देणारी शाळा मूल्यमापन करत नाही, ती आपल्या मुलांना उसने पैसे देते. हे थांबायला हवे यात मला शंका नाही.

पण या पुराव्यातून तो तट जो निष्कर्ष काढतो तो निघत नाही. २०१९ च्या बॅचची मुले २०१८ च्या मुलांपेक्षा ढ होती का? २०२० ची अचानक हुशार झाली का? एका वर्षात सोळा लाख मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी उतरत नाही आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी चढत नाही. बदलला तो आराखडा. शिवाय २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीच्या आणि दहावीच्या शाळांतर्गत कामगिरीवर गुण देऊन निकाल लागला ९९.९५. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी केलेला, केंद्र बहुतेकांच्या स्वतःच्याच शाळेत, निकाल ९६.९४. या पाच आकड्यांची एक रेघ काढून ‘दर्जा घसरला’ किंवा ‘गुणवत्ता वाढली’ म्हणणाऱ्याने पाच वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल एका आलेखावर टाकले आहेत. आणि अन्याय कोणावर झाला हे तर कोणी विचारतच नाही. २०१९ साली ८४ टक्के मिळवलेल्या मुलीची गुणपत्रिका पुढची कित्येक वर्षे शिष्यवृत्तीच्या, नोकरीच्या अर्जाबरोबर २०२० च्या ९० टक्क्यांशेजारी ठेवली जाते. त्या गुणपत्रिकेवर कुठेही लिहिलेले नसते की त्या वर्षी वीस गुण शाळेच्या हातात नव्हते.

उलट बाजूही पाहा. निकाल घसरणे ही नेहमी वाईट बातमी असते का? नांदेडमध्ये श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्त परीक्षांची मोहीम झाली आणि जिल्ह्याचा निकाल झपाट्याने खाली आला. टक्का बघणाऱ्याला ती अधोगती वाटली असती. प्रत्यक्षात अनेक वर्षांनी जिल्ह्याचा आकडा पहिल्यांदा काहीतरी खरे सांगत होता. म्हणून ‘निकाल वाढला’ हे अभिनंदनाचे कारण नाही आणि ‘घटला’ हे दुखवट्याचे नाही. का वाढला, का घटला, याच्या आधी दोन्ही शब्द पोकळ आहेत.

त्याच आकड्यांची भाषा कशी वळते याचे एक उदाहरण. २०२४ चा निकाल ९५.८१ होता, २०२५ चा ९४.१०. बातमी आली, निकाल १.७१ टक्क्यांनी घटला. वाचणाऱ्याला वाटते, किरकोळ. आता हाच तक्ता नापासांच्या बाजूने वाचू. २०२४ मध्ये नियमित विद्यार्थ्यांत ६४,८९५ अनुत्तीर्ण होते, २०२५ मध्ये ९१,१४६. नापास होणारे एका वर्षात चाळीस टक्क्यांनी वाढले. दोन्ही विधाने खरी आहेत, एकाच भागाकारातून आलेली आहेत. पण पहिल्याने कोणी हलत नाही आणि दुसऱ्याने सव्वीस हजार जास्तीची घरे दिसतात. निकाल नव्वदीच्या पुढे गेला की उत्तीर्णांचा टक्का फारसा बोलत नाही, जे काही बोलायचे ते नापासांचा टक्का बोलतो. आपण मात्र वर्षानुवर्षे मुकी बाजूच मथळ्यात छापतो.

‘कोकण पुन्हा अव्वल’ हा दुसरा ठरलेला मथळा. २०२५ मध्ये कोकण ९८.८२ आणि तळाला नागपूर ९०.७८. २०१९ च्या पडझडीच्या वर्षीही कोकण ८८.३८ घेऊन पहिले होते आणि नागपूर ६७.२७ घेऊन शेवटचे. इथे विरोधकाचा मुद्दा जोरदार आहे: वर्षानुवर्षे तोच विभाग पहिला येतो हा योगायोग असू शकत नाही. बरोबर आहे, नाहीच. पण ते कशामुळे, हे तक्ता सांगत नाही, आणि सांगतो असे समजून आपण विदर्भातल्या शिक्षकांना नावे ठेवतो. कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. परीक्षार्थी तीस हजारांच्या आत. मुंबई मंडळात तीन लाखांहून अधिक मुले आहेत. त्यात दक्षिण मुंबई आहे, पालघरचे आदिवासी पाडे आहेत आणि रायगडही आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे पूर्वी कोल्हापूर मंडळात होते. तेव्हा ते पहिले येत नव्हते, कारण तक्त्यात त्यांची ओळच नव्हती. नवे मंडळ झाले, एकाही मुलाच्या अभ्यासात फरक पडला नाही, पण राज्याला एक ‘अव्वल’ विभाग मिळाला. मुंबई मंडळातून दोन सुस्थित तालुके वेगळे काढले तर तेही असेच चमकतील. आणि नागपूरची तुलना करायची तर गडचिरोलीच्या आश्रमशाळेची तुलना नंदुरबारच्या आश्रमशाळेशी करा. मालवणच्या हायस्कूलशी करून काय कळणार?

लातूरचे कोडे याहून बोलके आहे. २०२५ मध्ये राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. २०१९ मध्ये वीसपैकी सोळा लातूरची होती. पण उत्तीर्णतेत लातूर विभाग २०२५ मध्ये ९२.७७ वर, नऊ विभागांत आठवा. २०१९ मध्ये ७२.८७ वर, राज्याच्या निकालापेक्षा खाली. मग लातूरचे शिक्षण राज्यात सर्वोत्तम की तळाजवळचे? शिखर आणि पायथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच्या उंचीवरून दुसऱ्याची कल्पना करता येत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या जयघोषात लातूर, नांदेड, धाराशिवच्या नापास मुलांचा आवाज कुठे ऐकू येतो? २०२५ च्या शंभर टक्केवाल्यांत कोकणातली फक्त नऊ मुले होती. ते वाचून ‘कोकणात सगळे पास होतात पण चमकत कोणी नाही’ असे म्हणणारेही भेटतात. तीस हजारांच्या आतल्या मुलांत नऊ म्हणजे साधारण तीन हजारांत एक. राज्यात शंभर टक्केवाल्यांचे प्रमाण सात हजारांत एक आहे. मुंबईत तीन लाखांवर मुलांत आठच. म्हणजे नुसती संख्या वाचणाराही तितकाच फसतो जितका नुसता टक्का वाचणारा. (शंभर टक्के हे प्रकरणही नीट समजून घ्यावे: त्यात सहापैकी सर्वोत्तम पाच विषय असतात, खेळाचे आणि चित्रकला, शास्त्रीय नृत्य, लोककला यांचे वाढीव गुण असतात. त्या मुलांचे कष्ट खरे आहेत. पण ‘एकही गुण गेला नाही’ असा त्याचा अर्थ नाही.)

शाळांच्या १०० टक्के निकालाबद्दल थोडे गणित करणे भाग आहे, कारण इथे पालक पैसे मोजतात. २०२५ मध्ये २३,४८९ शाळांपैकी ७,९२४ शाळांचा निकाल शंभर टक्के लागला. समजा, राज्यातल्या प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता सारखीच, ९४ टक्के आहे; शाळा चांगली-वाईट असा काही भेदच नाही. तर वीस मुलांच्या वर्गात सगळीच्या सगळी पास होण्याची शक्यता निघते २९ टक्के. दोनशे मुलांच्या शाळेत ती सव्वादोन लाखांत एक इतकीही उरत नाही. शिक्षणाचा दर्जा अगदी एकसारखा धरूनही वीस मुलांच्या दर दहा शाळांपैकी तीन शाळा फ्लेक्स लावतील आणि दोनशे मुलांची शाळा बहुधा कधीच लावू शकणार नाही. उलटही तेवढेच खरे: एखाद्या गावात तीनच मुले बसली आणि तिन्ही नापास झाली तर ती शाळा ‘शून्य टक्के निकाला’च्या यादीत जाते, तिच्या मुख्याध्यापकाला खुलासा द्यावा लागतो. लहान वर्गाचा टक्का वर-खाली जोराने हेलकावतो. हे दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याइतके सोपे आहे, आणि त्या धड्याचे गुण ज्या तक्त्यात मोजले जातात तोच तक्ता वाचताना आपण तो धडा विसरतो.

आता ज्या मथळ्याने मला सर्वांत अस्वस्थ केले आहे तो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२५ मध्ये मुलींचा निकाल ९६.१४ आणि मुलांचा ९२.३१. फरक पावणेचार टक्क्यांचा वाटतो. नापासांच्या बाजूने पाहिले तर मुलग्यांत नापास होण्याचे प्रमाण मुलींच्या दुप्पट आहे. हे दरवर्षी, प्रत्येक विभागात, जवळजवळ न चुकता दिसते. मुली अभ्यास करतात, सातत्य ठेवतात, हे मी नाकारत नाही, आणि त्यांच्या कौतुकात कोणी वाटा मागावा असेही नाही. पण त्या कौतुकाच्या आधी त्याच प्रसिद्धीपत्रकातली नोंदणीची ओळ वाचा. त्या वर्षी दहावीला नोंदणी केलेले मुलगे ८,६४,१२०, मुली ७,४७,४७१. दर हजार मुलग्यांमागे ८६५ मुली. बाकीच्या कुठे गेल्या?

ही मुले साधारण २००९ च्या आसपास जन्मलेली. २०११ च्या जनगणनेत ती शून्य ते सहा वयोगटात मोजली गेली आहेत. तेव्हा महाराष्ट्रात त्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. सोनोग्राफीच्या खोलीत गर्भाचे लिंग पाहून त्या नाकारल्या गेल्या, त्या काळाची ही बॅच आहे. म्हणजे परीक्षेच्या केंद्रावर दिसणारी मुलींची बहुतांश तूट शाळेत तयार झालेली नाही, ती जन्माच्या आधीची आहे. ८९४ पासून ८६५ पर्यंतची उरलेली तूट कशाची? काही भाग पुनर्परीक्षार्थींचा, कारण मुलगे जास्त नापास होतात म्हणून पुन्हा जास्त बसतात. काही भाग मंडळ बदलणाऱ्यांचा असेल. आणि काही भाग ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या, धाकटी भावंडे सांभाळायला घरी राहिलेल्या, सोळाव्या वर्षाच्या आधी लग्न लावून दिलेल्या मुलींचा असेल. किती कशाचा, हे निकालाच्या तक्त्यातून काढता येत नाही. पण एक शक्यता नजरेआड करता येत नाही: ज्या घरात मुलीने दहावीपर्यंत पोहोचणेच अवघड असते, तिथे अभ्यासात बरी नसलेली मुलगी आधीच थांबवली जाते आणि तशाच मुलाला मात्र शेवटपर्यंत रेटले जाते. मग परीक्षेला बसलेल्या मुलींची सरासरी वर जाणारच. ‘मुलींची बाजी’ या मथळ्यात मुलींचे कर्तृत्व आहेच, त्यात गाळणीचाही हात असू शकतो. गाळणीने किती गाळले हे न विचारता बाजी साजरी करणे मला जमत नाही.

या सगळ्यावर जो सर्वांत खरा आक्षेप येतो तो आकडेशास्त्राचा नाही, न्यायाचा आहे. टक्केवारीला नावे ठेवणे सोपे आहे, असे तो सांगतो, पण टक्का गेला तर काय येईल? मुलाखत येईल, ओळख येईल, देणगी येईल. वाडीतल्या, वस्तीतल्या मुलाकडे आडनाव नाही, इंग्रजी नाही, शिफारस नाही. त्याच्याकडे गुणपत्रिका आहे. ९२ टक्के म्हटल्यावर नामांकित महाविद्यालयालाही त्याला दार उघडावे लागते. हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. आंधळ्या आकड्याने ज्यांना वर आणले त्यांत कितीतरी घरांतली पहिली शिकलेली पिढी आहे. म्हणून मी टक्केवारी रद्द करा असे म्हणत नाही. मी म्हणतो, तिला जेवढे कळते तेवढेच तिला विचारा. सर्वोत्तम पाच विषय म्हणजे पाचशे गुण. एक गुण म्हणजे ०.२० टक्का. तुमच्या घरातली राज्य मंडळाच्या दहावीची गेल्या दहा-बारा वर्षांतली कोणतीही टक्केवारी काढून बघा, दशांशानंतरचा दुसरा अंक शून्यच असतो. तो छापला जातो तो अचूकतेचा आभास म्हणून. ९१.४० आणि ९१.६० यांत एका गुणाचे अंतर आहे, निबंध तपासणाऱ्याने सहा द्यायचे की सात यावर ठरलेले. त्या एका गुणावर एकीला घराजवळचे महाविद्यालय मिळते आणि दुसरीला तासाभराच्या लोकलची वाट धरावी लागते. गरिबाच्या मुलाला आकड्याचे संरक्षण हवे हे खरे असेल, तर आकड्याच्या चुकीचा फटकाही पहिल्यांदा त्यालाच बसतो हेही खरे आहे. श्रीमंताच्या मुलाला व्यवस्थापन कोटा असतोच.

आपल्या राज्याने हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. २००८ साली अकरावीच्या प्रवेशात वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांची तुलना करायला पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली राज्य मंडळाच्या मुलांना ९० टक्के जागा आणि इतरांना १० टक्के असा सरळ वाटा आणला, तोही टिकला नाही. २०१० साली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, आणि तेच राहिले. तीन वर्षांतले हे तीन खटले मला महत्त्वाचे वाटतात, कारण मुळात विचारलेला प्रश्न योग्य होता: या मंडळाचे नव्वद आणि त्या मंडळाचे नव्वद सारखे आहेत का? त्याचे शिस्तशीर उत्तर शोधण्याऐवजी तो ‘आपली मुले विरुद्ध त्यांची मुले’ असा झाला, आणि शेवटी जे टिकले त्याने सगळ्यांचे टक्के वर सरकले, प्रश्न तिथेच राहिला. आज एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेच्या, निमित्ताने पर्सेंटाइल घराघरांत पोहोचले आहे, पण ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण असे समजून खूश होणारे आणि मग प्रवेशाच्या यादीत हबकणारे पालक दरवर्षी दिसतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे. प्रश्नांची निम्मी उत्तरे चुकूनही ते मिळू शकते.

एक शेवटचा प्रतिवाद उरतो. ग्रामीण मुलांना काय येते हे तपासणाऱ्या ‘असर’ या २०२३ च्या पाहणीत २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. मग ९४ टक्के पास कसे होतात, हा प्रश्न रास्त आहे. ही पाहणी देशभरातली, शाळा सोडलेल्यांनाही धरणारी, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. पण त्या प्रश्नाचे काही उत्तर आपल्याच तक्त्यात आहे, उत्तीर्णांच्या विभागणीत. २०२५ मध्ये परीक्षा दिलेल्या शंभर नियमित विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३२ जणांना ७५ टक्के किंवा जास्त होते, ३२ जणांना प्रथम श्रेणी, २३ जणांना द्वितीय, ७ जण काठावर आणि ६ जण नापास. म्हणजे ‘नव्वदी म्हणजे आता काहीच नाही’ असे म्हणणारे ज्या मुलांबद्दल बोलतात ती वरच्या एक तृतीयांशातली आहेत. साठच्या खाली असलेली ३६ मुले, त्यांचे गणित किती, इंग्रजी किती, त्यांना भागाकार येतो का, हे जाणून घ्यायचे तर विषयवार गुणांचे वितरण हवे: लेखी किती, अंतर्गत किती, जिल्ह्यात किती, माध्यमानुसार किती. बोर्डाकडे हे सगळे संगणकात आहे. मुलांची नावे काढून ते खुले करायला नवा कायदा लागत नाही, नवी परीक्षा लागत नाही. लेखी ८० आणि अंतर्गत २० हे दोन रकाने शाळावार शेजारी ठेवले तर कोणत्या शाळेने तोंडीचे गुण प्रामाणिकपणे दिले आणि कोणत्या शाळेने सरसकट वाटले हे एका दुपारी कळेल. नववीच्या पटावर किती होते आणि त्यांतले किती नियमित म्हणून दहावीला बसले, हा तिसरा रकाना टाकला तर सतरा नंबरच्या फॉर्मचाही हिशेब लागेल. आणि पुनर्परीक्षार्थींची ती शेवटची ओळ, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसून पुन्हा नापास झालेले १४,५०६ जण: कोणत्या विषयात अडकले, किती गुणांनी, हे त्यांच्या तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाला पुढच्या पुरवणी परीक्षेआधी कळले, तर त्यांतल्या काहींना तरी त्या एका विषयापुरते शिकवता येईल.